अकरा दिवस : विवाहावर आधारित ग्रीन कार्ड आणि हद्दपारीची कार्यवाही यांच्या कात्रीत सापडलेले एक प्रकरण

११ जुलै २०२५ रोजी, शुक्रवारी दुपारी, न्यू जर्सीतील एका नगरपालिकेच्या कार्यालयात एका मराठी तरुणाचे आणि अमेरिकेत जन्मलेल्या, फिलिपिनो कुटुंबातील एका तरुणीचे लग्न लागले. त्याआधी बरोबर अकरा दिवस, म्हणजे ३० जूनला, त्याच तरुणाला देशाबाहेर काढण्याचे प्रकरण नेवार्कच्या इमिग्रेशन न्यायालयात दाखल झाले होते. लग्न खरे होते, याबद्दल त्या दोघांना ओळखणाऱ्या कोणालाही शंका नव्हती. परंतु कायद्याच्या दृष्टीने ते अकरा दिवस उशिरा झाले होते आणि या एका गोष्टीने पुढचा सगळा भार पालटला. येथे मांडलेले प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. अशा प्रकरणांत वारंवार दिसणारे प्रसंग एकत्र गुंफून ते प्रातिनिधिक म्हणून उभे केले आहे, मात्र त्यातील कायदा, मुदती आणि कार्यपद्धती खऱ्या आहेत.

तरुण मूळचा साताऱ्याचा. ऑगस्ट २०१७ मध्ये एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर तो न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरला. त्याच्या आय-९४ या प्रवेश-नोंदीवर परतीची तारीख नव्हती. विद्यार्थ्यांच्या नोंदीवर असते तसे ‘डी/एस’, म्हणजे विद्यार्थी म्हणून दर्जा टिकेल तोवर राहण्याची मुभा, एवढेच लिहिलेले होते. २०१९ मध्ये मास्टर्स पूर्ण झाले, एक वर्षाची ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर नोकरी करण्याची परवानगी, आणि त्यावर विज्ञान-तंत्रज्ञान शाखांसाठीची चोवीस महिन्यांची स्टेम मुदतवाढ मिळून २०२२ च्या मध्यापर्यंत नोकरी झाली, आणि या काळात एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत तीन वेळा नाव घालूनही ते लागले नाही. मग, असंख्य मुले करतात तेच त्याने केले : दर्जा टिकवण्यासाठी दुसऱ्या कॉलेजात पुन्हा मास्टर्सला प्रवेश घेतला. २०२४ च्या जानेवारीत शुल्क भरता न आल्याने नाव नोंदवणे राहिले, सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतली नोंद रद्द झाली, आणि पाच महिन्यांच्या मुदतीत जूनमध्ये दर्जा पूर्ववत करण्यासाठी त्याने केलेला अर्ज यूएससीआयएस या इमिग्रेशनच्या अर्जांवर निर्णय देणाऱ्या सरकारी खात्याने मार्च २०२५ मध्ये फेटाळला.

येथे थोडे थांबायला हवे, कारण या फेटाळणीचे दोन परिणाम झाले आणि दोन्ही त्याच्या लक्षात आले नाहीत. पहिला असा की, ‘डी/एस’ वर आलेल्या विद्यार्थ्याने दर्जा गमावला म्हणून त्याचा बेकायदा वास्तव्याचा काळ आपोआप मोजला जाऊ लागत नाही. दर्जा मोडल्याचा औपचारिक निष्कर्ष निघाल्यावरच ती मोजणी सुरू होते, आणि मार्चचा नकार हाच तो निष्कर्ष होता. दुसरा परिणाम अधिक तातडीचा होता. २८ फेब्रुवारी २०२५ च्या धोरणपत्रानुसार, अर्ज नाकारल्यानंतर देशात राहण्याचा अधिकार नसलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर राहण्याची नोटीस काढण्याचा यूएससीआयएसचा परीघ बराच वाढला होता. पूर्वी अशा नकारानंतर बहुतेकांच्या हाती केवळ नकाराचे पत्र पडे. आता त्यापाठोपाठ ‘नोटीस टू अपीअर’ येण्याची शक्यता खरी झाली होती.

मे महिन्यात ती नोटीस निघाली, पण गेली जर्सी सिटीच्या जुन्या पत्त्यावर. फेब्रुवारीतच तो आपल्या मैत्रिणीसह एडिसनला राहायला आला होता, आणि पत्ता बदलल्यापासून दहा दिवसांत एआर-११ हा अर्ज भरून कळवावे लागते ही गोष्ट त्याने ऐकली असूनही मनावर घेतली नव्हती. २ जुलैला जुन्या खोलीतल्या मित्राने पाकिटाचे छायाचित्र पाठवले नसते, तर पहिल्या तारखेला तो गैरहजर राहिला असता आणि न्यायाधीशांनी त्याच्या अनुपस्थितीत हद्दपारीचा आदेश दिला असता. आपण दिलेल्या शेवटच्या पत्त्यावर टपाल गेले की पुरेशी सूचना मिळाली असे कायदा सामान्यतः धरतो. पाकीट उघडले गेले की नाही हे तो विचारत नाही. असा आदेश अपवादात्मक कारणासाठी फिरवून घ्यायचा तर १८० दिवसांत अर्ज करावा लागतो. त्या मित्राने पाकीट कचऱ्यात टाकले नाही, यावर एका संसाराचे भवितव्य अवलंबून होते. प्रकरण न्यायालयात गेल्यावर तर पत्ता बदलल्यास पाच दिवसांच्या आत न्यायालयालाही वेगळ्या अर्जाने कळवावे लागते, आणि यूएससीआयएसला कळवले म्हणजे न्यायालयाला कळले, असा समज करून घेणे घातक ठरते.

दोघांची ओळख २०२३ च्या उन्हाळ्यातली. लग्न करायचे हे २०२४ च्या अखेरीस ठरले होते. थांबले होते ते त्याच्या घरी सांगण्यासाठी. मुलगी परधर्मातली, परदेशातली, आणि मुलाला धड नोकरी नाही, अशा स्थितीत साताऱ्याला फोन करून काय सांगायचे हे त्याला सुचत नव्हते, आणि ‘स्टेटसचे मार्गी लागले की सांगू’ असे म्हणत सहा महिने गेले. नोटिशीचे छायाचित्र आल्यावर मात्र ते विलंब करू शकत नव्हते. ६ जुलैला, आषाढी एकादशीच्या संध्याकाळी, त्याने आईला फोन केला. ७ जुलैला दोघांनी विवाह परवान्यासाठी अर्ज केला. न्यू जर्सीत अर्ज आणि परवाना यांच्यात ७२ तास जावे लागतात, म्हणून लग्न ११ तारखेला लागले.

वकील त्यांना लग्नानंतर भेटल्या. इमिग्रेशन न्यायालयात आपल्या खर्चाने वकील नेमता येतो, पण सरकार वकील देत नाही, आणि त्यासाठी लागणारे पैसे जमवण्यात आठवडा गेला होता. वकिलांनी सर्वांत आधी त्याच्या ए-क्रमांकावरून, म्हणजे इमिग्रेशन खात्याच्या ओळख क्रमांकावरून, प्रकरणाची स्थिती पाहिली आणि ३० जूनची नोंद त्यांच्या समोर आली. नोटीस मे महिन्यात निघाली होती, परंतु कार्यवाही सुरू होते ती नोटीस न्यायालयात दाखल झाल्याच्या दिवशी. ३० जूनपूर्वी लग्न झाले असते, तर ते साध्या नियमाने तपासले गेले असते : लग्न खरे असण्याची शक्यता खोटे असण्यापेक्षा अधिक, इतका पुरावा पुरला असता. कार्यवाही सुरू झाल्यानंतरच्या लग्नाला १९८६ च्या विवाह-फसवणूक दुरुस्ती कायद्यापासून वेगळा नियम लागतो. त्या कायद्याने सुरुवातीला अशा जोडप्याला, परदेशी पतीने किंवा पत्नीने लग्नानंतर दोन वर्षे अमेरिकेबाहेर काढल्याशिवाय अर्ज मंजूर होणारच नाही, असे बजावले होते. १९९० मध्ये त्यात सूट आली : ‘स्पष्ट आणि खात्री पटवणारा’ पुरावा देऊन लग्न खरे असल्याचे सिद्ध केले, आणि तशी सूट लेखी मागितली, तर दोन वर्षे बाहेर राहावे लागत नाही. म्हणजे अकरा दिवसांमुळे पुराव्याची पायरी एकदम उंच झाली आणि शंका निवारण्याची त्या दोघांवरची जबाबदारी अधिक जड झाली. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोठी हानी याच ठिकाणी झाली, आणि ती कायद्याच्या अज्ञानाने जितकी झाली तितकीच घरी बोलायला न धजण्यामुळे झाली.

त्याची बाजू मुळात दुर्बळ नव्हती, हेही सांगायला हवे. तो तपासणी होऊन, रीतसर प्रवेश मिळून देशात आला होता, आणि अमेरिकन नागरिकाचा पती हा कायद्यात ‘निकटचा नातेवाईक’ असतो. या वर्गासाठी व्हिसाची वार्षिक संख्येची मर्यादा नाही, आणि मुदत उलटून राहणे किंवा परवानगीशिवाय काम करणे यांमुळे देशातच ग्रीन कार्ड मिळवण्याचा मार्ग बंद होत नाही. त्याने काही महिने एका दुकानात रोखीने काम केले होते. त्यावर वकिलांनी बारकाईने विचारले की, कुठेही आय-९ हा नोकरीला लागताना भरायचा अर्ज भरताना नागरिक असल्याच्या चौकटीत खूण केली होती का. हा प्रश्न अनेकांना क्षुल्लक वाटतो. परंतु ३० सप्टेंबर १९९६ किंवा त्यानंतर केलेला अमेरिकन नागरिकत्वाचा खोटा दावा कायमची अपात्रता आणतो, आणि त्यातून ग्रीन कार्ड मागणाऱ्यांसाठी सवलतीची वाटही नाही. परवानगीशिवाय केलेले काम माफ होते, ती एक खूण माफ होत नाही. त्याने दुकानात असा अर्ज भरलेलाच नव्हता. रोख मिळकत मात्र आयकर विवरणात दाखवली नव्हती, म्हणून ती सुधारून भरून टाकली, कारण ग्रीन कार्ड हा शेवटी न्यायाधीशांच्या विवेकाधिकाराचा विषय असतो आणि कर चुकवणे त्या तराजूत जड पडते.

याच आठवड्यात दोन सल्ले आले, दोन्ही आपुलकीने, आणि दोन्ही मानले असते तर वाट अडली असती. पहिला सल्ला नात्यातल्या एकाचा : भारतात निघून ये, बायको अर्ज करेल, मुंबईच्या वाणिज्य दूतावासातून व्हिसा घेऊन सन्मानाने परत जा. खटला चालू असताना निघून गेलेल्या माणसाची तारीख मात्र तशीच राहते, तो हजर नसतो, आणि गैरहजेरीत आदेश होतो. त्याशिवाय मार्च २०२५ पासून मोजला जाणारा काळ एक वर्षाचा झाल्यावर, म्हणजे मार्च २०२६ नंतर, देश सोडला असता तर दहा वर्षांची बंदी लागली असती, जी पत्नीला होणारा असाधारण त्रास सिद्ध करून मागितलेल्या सवलतीनेच उठते. अशी बंदी बाहेर पाऊल टाकल्यावर लागते, आत राहिल्याने नाही. १९९६ च्या कायद्यातील ही रचना सामान्य माणसाच्या समजुतीच्या अगदी उलट आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आजी गेली तेव्हा हीच गणिते डोळ्यांसमोर ठेवून तो साताऱ्याला गेला नाही. अंत्यदर्शन त्याने फोनच्या पडद्यावर घेतले.

दुसरा सल्ला एका परिचिताचा होता. फेब्रुवारीत भाडेकरार झालाच आहे, तेव्हा वसंत पंचमीला देवळात धार्मिक विधीने लग्न लागले होते, जुलैत फक्त नोंदणी केली, असे पुरोहिताकडून पत्र घ्या, म्हणजे लग्न ३० जूनच्या आधीचे ठरेल. तरुण दोन दिवस या विचारात होता, आणि त्याला दोष देणे मला अवघड जाते, कारण आपल्या समाजात विधी आधी आणि कागद नंतर ही गोष्ट खरोखरच रोजची आहे. पण येथे विधी झालाच नव्हता. झाला असता तरी न्यू जर्सीत परवान्याशिवाय केलेले लग्न १ डिसेंबर १९३९ पासून कायद्याने लग्नच ठरत नाही, त्यामुळे पत्राने मिळणार काहीच नव्हते. गमावण्यासारखे मात्र सर्व काही होते : महत्त्वाच्या बाबतीत खोटे निवेदन हे स्वतंत्र कायमच्या अपात्रतेचे कारण आहे, आणि खोट्या कागदाने एका खऱ्या लग्नावर संशयाची अशी छाया पडली असती की नंतर दिलेला कोणताही खरा कागद कोणी विश्वासाने वाचला नसता. वकिलांनी हे सांगितल्यावर तो विषय तिथेच संपला.

मग खऱ्या पुराव्याचा शोध सुरू झाला, आणि प्रकरणाचा हा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. लग्नानंतर उघडलेले संयुक्त बँक खाते, लग्नानंतर विम्यात घातलेले नाव, लग्नाची छायाचित्रे, हे सर्व त्यांनी मोठ्या उत्साहाने आणले. परंतु कायद्याचा प्रश्न असा असतो की लग्न करताना त्या दोघांचा एकत्र संसार करण्याचा हेतू होता का, आणि नोटिशीनंतर तयार झालेला प्रत्येक कागद, तो कितीही खरा असो, नोटिशीच्या छायेतच वाचला जातो. वजन होते ते आधीच्या कागदांना. फेब्रुवारी २०२५ चा दोघांच्या नावाचा भाडेकरार होता. नोव्हेंबर २०२४ पासून एकाच फोन योजनेत दोघांचे क्रमांक होते. आणि सर्वांत मोलाचा कागद त्यांना स्वतःला आठवलाच नव्हता : जानेवारी २०२५ मध्ये त्याची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा रुग्णालयाच्या अर्जावर तातडीच्या संपर्कासाठी त्याने तिचे नाव लिहिले होते आणि नात्याच्या रकान्यात ‘होणारी पत्नी’ असे नोंदवले होते. भूल देण्यापूर्वी, पोटातल्या कळा सोसत भरलेल्या त्या अर्जात कोणाला फसवण्याचा हेतू असण्याची शक्यताच नव्हती.

उणीव होती ती त्याच्या घरच्यांच्या साक्षीची. तिच्या घरच्यांसोबतची छायाचित्रे होती, नाताळचे जेवण होते, तिच्या भावाचे प्रतिज्ञापत्र होते; त्याच्या बाजूने मात्र २०२३ पासून जुलै २०२५ पर्यंत एकही नातेवाईक या नात्याचा साक्षीदार नव्हता. अमेरिकी अधिकाऱ्याला हे संशयास्पद वाटणे स्वाभाविक होते, कारण दोन वर्षांचे नाते आईपासून लपवणे त्याच्या अनुभवात बसत नाही. मराठी घरांत ते किती सहज घडते हे सांगायला साक्षीदार लागतो. त्यामुळे वकिलांनी आईचेच निवेदन मागवले.

आईने ते मराठीत, हाताने लिहिले. आषाढीचा उपवास असताना मुलाचा फोन आला, मुलीबद्दल ऐकून आपण फोन ठेवून दिला, तीन आठवडे त्याच्याशी बोललो नाही, मुलीशी पहिल्यांदा बोललो ते रक्षाबंधनाच्या दिवशी, आणि मुलाने दोन वर्षे लपवले याचा राग अजून गेलेला नाही, असे त्यात होते. अर्जाला चांगले दिसेल असे त्यात काहीही नव्हते आणि म्हणूनच ते पत्र उपयोगी ठरले. त्याचे इंग्रजी भाषांतर जोडताना भाषांतर पूर्ण आणि अचूक असून आपण दोन्ही भाषा जाणतो, असे भाषांतरकाराचे प्रमाणपत्र द्यावे लागते. शिवाय आषाढी एकादशी त्या वर्षी ६ जुलैला होती, असे पत्राबाहेर वेगळ्या टिपणात लिहिले, मूळ मजकुरात भर घातली नाही.

येथून प्रकरण दोन दारांतून चालले. पतीचे नाते मान्य करून घेण्याचा पत्नीचा आय-१३० अर्ज, कागदावर ६७५ डॉलर शुल्काचा, दोन वर्षे बाहेर राहण्यातून सूट मिळावी अशा लेखी विनंतीसह यूएससीआयएसकडे गेला, कारण लग्न खरे आहे की नाही ते त्यांनीच ठरवायचे. ग्रीन कार्डचा आय-४८५ अर्ज मात्र न्यायाधीशांपुढे गेला, कारण रीतसर प्रवेश मिळालेली व्यक्ती कार्यवाहीत असेल तर तो ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा असतो. दोन्ही एकाच कार्यालयाकडे पाठवून महिनोन्‌महिने वाट पाहणारी जोडपी असतात, हे येथे मुद्दाम नमूद करतो. पहिल्या सुनावणीत वकिलांनी नोटिशीतील आरोप मान्य केले, दर्जा टिकवला नाही हे कबूल केले, हद्दपारीसाठी देश सुचवण्यास रीतीप्रमाणे नकार दिला, सरकारी वकिलांनी भारताचे नाव घेतले, आणि न्यायाधीशांनी आय-१३० च्या निर्णयासाठी पुढची तारीख दिली. अशी तारीख हक्काने मिळत नाही. इमिग्रेशन अपील मंडळाच्या २००९ च्या हाश्मी निर्णयाने सांगितलेले मुद्दे, म्हणजे अर्ज वरवर पाहता मंजूर होण्याजोगा आहे का, अर्जदार ग्रीन कार्डसाठी पात्र आहे का, सरकारचा विरोध आहे का, हे पाहून ती दिली जाते. म्हणून रुग्णालयाचा अर्ज आणि भाडेकरार पहिल्याच तारखेला न्यायालयात दाखल केलेले होते.

मुलाखत फेब्रुवारी २०२६ मध्ये झाली. त्याआधीचे दिवस पत्नीसाठी फार वाईट गेले. मे २०२५ पासून इमिग्रेशन न्यायालयांच्या आवारात अटका होत होत्या, त्याच महिन्यात नेवार्कमध्ये डेलनी हॉल हे स्थानबद्धता केंद्र सुरू झाले होते, आणि नोव्हेंबरमध्ये सॅन डिएगोत ग्रीन कार्डच्या मुलाखतीलाच आलेल्या पतिपत्नींपैकी काहींना ताब्यात घेतल्याच्या बातम्या तिने वाचल्या होत्या. न जाणे हा पर्याय नव्हता. गेले नाही तर अर्ज बारगळतो. तयारी म्हणून वकिलांनी ताब्यात घेतल्यास कोणाला कळवायचे ते लिहून दिले आणि रीतसर प्रवेश मिळालेल्या व्यक्तीला न्यायाधीशांकडे जामीन मागता येतो, हे दोघांना समजावले. अटक झाली नाही.

दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत तेच प्रश्न विचारले गेले. या पद्धतीला न्यूयॉर्कमधील १९७० च्या दशकातील एका खटल्यावरून ‘स्टोक्स मुलाखत’ म्हणतात. सकाळी आधी कोण उठते, भाडे कोणत्या खात्यातून जाते, अशा वीसएक प्रश्नांत एकाच ठिकाणी उत्तरे जुळली नाहीत : त्याच्या आईला कधी कळले? त्याने जुलै सांगितले, तिने जून. जूनमध्ये त्याने ‘या रविवारी सांगतो’ असे तिला म्हटले होते आणि त्याने सांगितलेच असेल असे ती धरून चालली होती. अधिकाऱ्याने फाईलमधले आईचे पत्र काढून तारीख पाहिली. वकिलांनी आधीच बजावले होते की आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, पाठ करून काही बोलू नका. जून म्हणताना ती पाठ केलेले बोलत नव्हती, हे त्या विसंगतीतूनच दिसले.

मार्चमध्ये आय-१३० मंजूर झाला. न्यायालयात मात्र देशभर तीस लाखांहून अधिक प्रकरणे साठलेली आहेत, आणि आय-४८५ वरची सविस्तर सुनावणी सप्टेंबर २०२७ मध्ये लागली आहे. प्रलंबित अर्जावर त्याला कामाचा परवाना मिळाला असून तो पुन्हा नोकरी करतो आहे. प्रवास मात्र वर्ज्य आहे. लग्नाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी अर्ज मंजूर झाला तर दोन वर्षांचे सशर्त कार्ड मिळते आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांच्या खिडकीत आय-७५१ हा अर्ज भरून लग्न टिकल्याचे पुन्हा दाखवावे लागते. सुनावणीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे दोन महिने झालेले असतील, त्यामुळे न्यायाधीशांनी होकार दिला तर कार्ड थेट दहा वर्षांचे असेल. आईने त्या आठवड्यासाठी अमेरिकेला येण्याचा विचार बोलून दाखवला आहे. पर्यटक व्हिसाच्या अर्जात मुलाबद्दल विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे खरे उत्तर द्यायचे, एवढे तिने वकिलांकडून लिहून घेतले आहे.